वाचकांचे प्रश्न : लिहून ठेवलं, तरी का हरवतं?

जाणकार माणूस निघून गेल्यावर त्याचं जाणतेपण मागे कसं ठेवायचं, याबद्दल प्रश्न पाठवा असं आवाहन या सदरातून केलं होतं. आलेल्यांपैकी पाच पत्रं इथे घेतली आहेत. ती थोडी आवरली आहेत आणि लिहिणाऱ्यांची ओळख गाळली आहे. मी एका पाणीपुरवठा यंत्रणेच्या नोंद विभागात २९ वर्षं काम केलं. नकाशे, दुरुस्तीच्या वह्या, जुनी कागदपत्रं सांभाळायची, लागेल तेव्हा काढून द्यायची. माझी उत्तरं बरीचशी तिथूनच येतात.

ताई, नमस्कार. एका कारखान्याच्या देखभाल विभागात मी ३३ वर्षं काढली. आठ महिन्यांनी निवृत्त होईन. साहेब म्हणाले, ‘तुमच्या डोक्यात जे आहे ते सगळं उतरवून द्या.’ दोन महिने बसून १४० पानं लिहिली आणि हाताखालच्या तिघा मुलांना दिली. त्यांनी चाळली, ‘छान झालंय’ म्हणाले. परवा मशीन बंद पडलं तेव्हा मात्र मलाच फोन केला. माझं काय चुकलं?

चुकलं असं म्हणणार नाही. रोजचं काम सांभाळून १४० पानं लिहिणं ही साधी गोष्ट नाही, आणि बहुतेक ठिकाणी माणूस जातो तेव्हा एवढंही मागे राहत नाही.

मुलांनी फोनवर नेमकं काय विचारलं, ते आठवून बघा. ‘आधी कोणता बोल्ट काढू?’ असं विचारलं असेल तर ते तुमच्या वहीत सापडायला हवं होतं. पण ‘असा आवाज येतोय, नेहमीचाच का?’ असं विचारलं असेल, तर ते वहीत नसणारच. तुमच्या कानाला तो आवाज ३३ वर्षांत कळायला लागला. त्यासाठी मुलांना पान नको, तुमच्या शेजारी उभं राहायला हवं.

दुसरी गोष्ट सांगते, ती माझ्या हातून राहिलेल्या एका ओळीची आहे. आमच्याकडे मोठी जलवाहिनी दुरुस्तीनंतर पुन्हा भरावी लागे. ते काम करणारे जुने ऑपरेटर निवृत्त होणार होते, म्हणून त्यांच्याजवळ बसून मी सगळ्या पायऱ्या लिहून घेतल्या. व्हॉल्व्हचे अमुक फेरे उघडा, पाऊण तास थांबा, चढावरचा हवेचा व्हॉल्व्ह बघून या, मग पुढचे फेरे. पाऊण तास कशासाठी, हे त्यांनी बोलता बोलता सांगितलं होतं. मी ते लिहिलं नाही. कागद एका पानात बसवायचा होता, आणि कारण म्हणजे गप्पांचा भाग असं मला तेव्हा वाटलं.

दोन वर्षांनी नव्या अभियंत्याने तो पाऊण तास पंधरा मिनिटांवर आणला. रिकाम्या नळात हवा भरलेली असते. पाणी सावकाश शिरलं तर ती हवेच्या व्हॉल्व्हमधून निघून जाते. घाईने शिरलं तर ती कोंडते, वेगात आलेलं पाणी एकदम अडतं आणि नळाला दाबाचा तडाखा बसतो. आमचा एक सांधा उखडला. सुदैवाने जवळ कुणी नव्हतं. त्या अभियंत्याला मी कधीच दोष दिला नाही. त्याच्या हातात माझा कागद होता, आणि त्यावर ‘हवेची फुसफुस थांबून नुसतं पाणी येईपर्यंत’ एवढे शब्द नव्हते.

हेच याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर ब्रिटिश आरमारात घडलं आहे. लांबच्या प्रवासात खलाशी स्कर्व्ही या रोगाने मरत. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबं मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. १७९५ पासून आरमारात लिंबाचा रस वाटायला सुरुवात झाली आणि रोग जवळजवळ नाहीसा झाला. रस का लागू पडतो, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. ‘आंबट म्हणून’ अशी समजूत होती. पुढे १८६०च्या दशकात भूमध्य प्रदेशातल्या पिवळ्या लिंबाऐवजी वेस्ट इंडीजमधलं हिरवं लिंबू घेतलं गेलं. तेही आंबट, मग फरक काय? फरक असा की ज्याच्या अभावाने स्कर्व्ही होतो ते क जीवनसत्त्व त्याच्या रसात फार कमी होतं, आणि साठवण्याच्या पद्धतीत होतं तेही बरंच जाई. वाफेच्या जहाजांनी प्रवास छोटे झाले होते, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही. १८७५ मध्ये आर्क्टिकला गेलेल्या मोहिमेत रस बरोबर असूनही स्कर्व्ही आला. झालं! रसावरचाच विश्वास उडाला, आणि शतकापूर्वी हातात आलेला उपाय सोडून लोक खराब मांसाला दोष देऊ लागले. क जीवनसत्त्वाचा उलगडा व्हायला १९३२ साल उजाडलं. लिंडला कारण ठाऊक नव्हतं, म्हणून त्याच्याकडून ते लिहिलं गेलं नाही. तुम्हाला आणि मला ते ठाऊक असतं, हा मोठा फरक आहे.

तेव्हा नवी वही लिहू नका. आहे तीच घ्या आणि जिथे जिथे ‘करा’, ‘थांबा’, ‘करू नका’ असं आहे, तिथे समासात कारण लिहा. ‘अमुक वर्षी हे गाळलं तेव्हा असं झालं’ एवढंसुद्धा पुरतं. बिघडलेल्या गोष्टी जरूर लिहा. लोक त्याच गाळतात, कारण त्यात कुणाची तरी चूक दिसते. हवं तर नाव गाळा, प्रसंग ठेवा.

मग आठ महिन्यांचं कॅलेंडर काढून बघा, वर्षातून एकदाच येणारी कामं कोणती. रोजची कामं मुलं शिकतीलच. वार्षिक बंदच्या वेळचं काम, दोन वर्षांतून एकदा उघडायचं यंत्र, ही खरी धोक्याची जागा. जपानमध्ये इसे इथलं लाकडी देवालय दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर तसंच्या तसं नव्याने बांधतात. परंपरेनुसार ६९० सालापासून हे चालू आहे. मध्ये यादवी युद्धांच्या काळात खंड पडला, पण २०१३ मध्ये बासष्टावी फेरी झाली. वीस वर्षांचं अंतर असल्यामुळे एखादा सुतार पोरवयात हाताखाली राबतो, पुढच्या खेपेला स्वतः काम उचलतो आणि तिसऱ्या खेपेला बाजूला बसून सांगतो. तुमच्याकडे वीस वर्षं नाहीत. पण एखादं क्वचित येणारं काम या आठ महिन्यांत मुद्दाम काढता येईल का, हे साहेबांना विचारा. पहिल्या वेळी तुम्ही करा आणि करताना बोला, मुलांनी लिहून घ्यावं. दुसऱ्या वेळी मुलांनी करावं आणि तुम्ही हात मागे बांधून उभं राहावं. हे दुसरं फार अवघड जातं, मी पाहिलं आहे.

शेवटचं म्हणजे, १४० पानांतल्या कोणत्या चार-पाच ओळी तोंडपाठ असल्याच पाहिजेत, ते ठरवा. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ मध्ये त्सुनामी आली होती. वाचलेल्यांनी ती गोष्ट ‘स्मोंग’ (त्यांच्या भाषेत त्सुनामी) या शब्दाभोवती मुलानातवंडांना सांगितली, गाण्यांतून गायली. मोठा भूकंप झाला आणि समुद्र मागे हटला, तर वाट न बघता उंचावर पळा. २६ डिसेंबर २००४ ला पुन्हा त्सुनामी आली, तेव्हा सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर सात जण दगावले. शेजारच्या किनाऱ्यावर लाखावर माणसं गेली. त्या गोष्टीत काय आहे बघा. खूण आहे, कृती आहे, आणि न केल्यास काय होतं ते आहे. तुमच्या कामातल्या जिवावर बेतणाऱ्या गोष्टी अशाच सांगा. बाकीचं वहीत राहू दे.

आमची छोटी स्वयंसेवी संस्था आहे, आम्ही अकरा जण. नोंदी कुणाच्या लॅपटॉपवर, काही व्हॉट्सॲपवर, काही माजी सचिवांच्या ईमेलमध्ये. सगळं एका जागी आणण्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुम्हाला आता जे वापरता येतं तेच घ्या. त्यातून तुमचा मजकूर कधीही साध्या फाइलच्या रूपात बाहेर काढता यायला हवा, एवढी एक अट ठेवा. खाती संस्थेच्या नावावर असावीत आणि किल्ल्या दोघांकडे. माजी सचिवांशी संबंध चांगले असतानाच त्यांच्याकडचं मागून घ्या.

पण खरा प्रश्न जागेचा नसून राखणाऱ्याचा आहे. जुनं काढणारं, चुकीचं दुरुस्त करणारं माणूस नसेल तर वर्षभरात कोणत्याही सॉफ्टवेअरचं अडगळीचं कपाट होतं. आठवड्यातले दोन तास एकाच्या कामात धरा आणि ते काम म्हणून मोजा, सेवा म्हणून नको.

झेरॉक्स कंपनीतलं एक उदाहरण मला नेहमी उपयोगी पडलं आहे. ज्युलियन ऑर हा मानववंशशास्त्राचा अभ्यासक १९८०च्या दशकात यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर फिरला. कंपनीने त्यांना जाडजूड पुस्तिका दिल्या होत्या. पण अडलेलं यंत्र ते सोडवत एकमेकांना गोष्टी सांगून. जेवताना, चहा-कॉफी पिताना, ‘मला असंच एक भेटलं होतं’ अशी सुरुवात व्हायची. पुढे कंपनीने याच सवयीवर युरेका नावाची व्यवस्था उभी केली. तंत्रज्ञाने युक्ती लिहायची, दुसऱ्या अनुभवी तंत्रज्ञांनी ती तपासायची आणि लिहिणाऱ्याच्या नावासह ती सगळ्यांना मिळायची. ती चालली, कारण तपासणारे त्याच कामातले होते आणि नाव राहत होतं. तुमच्या अकरा जणांतही ‘मला असंच एक भेटलं होतं’ असं म्हणणारं कुणीतरी असेल. महिन्यातून एकदा त्यांना बोलू द्या आणि एकाने लिहावं.

त्यातूनही एकच वही ठेवायची झाली तर निर्णयांची ठेवा. तारीख, काय ठरलं, दुसरे कोणते पर्याय होते आणि ते का सोडले. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर तीन वर्षांनी तुम्ही तोच वाद नव्याने घालत बसाल.

माझी आजी ८१ वर्षांची आहे. तिच्या सासूकडून शिकलेली झाडपाल्याची औषधं देते. एका संशोधन प्रकल्पातले लोक येऊन गेले. त्यांना तिचं सगळं रेकॉर्ड करायचं आहे. सहीसाठी फॉर्म ठेवून गेलेत. आई म्हणते, केलं नाही तर आजीबरोबर सगळं जाईल. काका म्हणतात, फुकट देऊन कंपन्यांची भर कशाला करायची? आजी म्हणते, ‘तुम्हीच ठरवा.’

आजींचं ‘तुम्हीच ठरवा’ मान्य करू नका, ही माझी कळकळीची विनंती. घरातल्या मोठ्या बायका आयुष्यभर हेच म्हणत आलेल्या असतात. एखाद्या निवांत वेळी, घरात दुसरं कुणी नसताना, पुन्हा विचारा. ‘कुणाला कळलेलं चालेल? कुणाला नाही? कोणती गोष्ट कुणालाच सांगायची नाही?’ एकेक झाड घेऊन विचारलंत तर उत्तरं वेगवेगळी येतील. तीच खरी संमती.

काकांची भीती निराधार नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट मिळालं होतं. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं. हे ज्ञान जुनं आहे याचे लेखी दाखले पुढे ठेवले, संस्कृत ग्रंथांपासून १९५३ च्या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंत. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. कडुनिंबापासून बुरशीनाशक करण्याचं युरोपातलं पेटंट २००० मध्ये रद्द झालं, आणि त्यावरचं अपील २००५ मध्ये फेटाळलं गेलं. यातूनच २००१ पासून भारताने पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं केलं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतली माहिती इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी भाषांत आणून पेटंट तपासणाऱ्यांसमोर ठेवली.

मात्र हे सगळं ग्रंथांत होतं, म्हणून दाखवता आलं. तुमच्या आजींचं ज्ञान कुठल्याच ग्रंथात नाही. लिहिलं नाही तर ते कधी होतं याचा पुरावा उरत नाही. लिहून सर्वांपुढे टाकलं तर विचारल्याशिवाय कुणीही उचलू शकतं. आई आणि काका या एकाच पेचाची दोन टोकं धरून बसले आहेत, आणि दोघांचंही खरं आहे.

केरळच्या अगस्त्य डोंगररांगांतल्या काणी आदिवासींची हकिकत इथे सांगायला हवी. १९८७ मध्ये वनस्पती उद्यान संस्थेचे शास्त्रज्ञ तिथे फिरत होते. बरोबरचे काणी वाटाडे एक फळ खात आणि थकत नसत. शास्त्रज्ञांनी विचारलं. आधी सांगायला ते तयार नव्हते, मग झाड दाखवलं. त्यापासून ‘जीवनी’ हे औषध तयार झालं. १९९५ मध्ये ते बनवण्याचा परवाना देताना शुल्कातला आणि स्वामित्वधनातला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरलं आणि १९९७ मध्ये त्यांचा न्यास स्थापन झाला. जगभर या वाटणीचं कौतुक झालं. मला मात्र यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या समाजात औषधं देणाऱ्या काही जाणकारांनी आक्षेप घेतला होता. वाटाड्यांनी सांगितलं, पण सांगण्याचा हक्क त्यांचा होता का? पैशाची वाटणी नंतर नीट करता आली. हा प्रश्न आधी विचारायचा राहून गेला.

म्हणून आजींना हेही विचारा की हे ज्ञान त्यांच्या एकटीचं आहे की आणखीही कुणाकडे आहे. आजूबाजूच्या दोन-चार बायकांना तेच माहीत असेल तर त्यांनाही विचारायला हवं.

आता फॉर्म. प्रकल्पाच्या लोकांना घरी बोलवा आणि आजींसमोर तो मोठ्याने वाचायला सांगा. रेकॉर्डिंग कुठे राहील? कोण ऐकू शकेल? त्यातून औषध किंवा पेटंट निघालं तर वाटा कसा ठरेल? आजींचं नाव हवं असेल तर येईल का, नको असेल तर गाळलं जाईल का? उद्या मन बदललं तर परत घेता येईल का? एक प्रत तुम्हाला मिळेल का? यांतल्या एकाचंही उत्तर कागदावर नसेल तर सही थांबवा. मागणं वावगं नाही. जैविक संपत्तीच्या वापराबद्दलच्या २०१० च्या नागोया या आंतरराष्ट्रीय करारात आधी समजावून घेतलेली संमती आणि लाभाची न्याय्य वाटणी ही तत्त्वं आहेत. मे २०२४ मध्ये जिनिव्हात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने स्वीकारलेल्या करारात, पेटंट मागणाऱ्याने पारंपरिक ज्ञान कुठून घेतलं ते उघड करावं अशी तरतूद आहे. चांगले संशोधक या प्रश्नांनी दुखावत नाहीत, उलट त्यांना बरं वाटतं.

‘सगळं द्या’ आणि ‘काहीच देऊ नका’ यांच्यामध्येही वाट असते. ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीक इथल्या वारुमुंगू आदिवासींबरोबर ‘मुकुर्टू’ नावाचं डिजिटल दप्तर तयार झालं. त्यांच्या भाषेत तो शब्द मौल्यवान वस्तू ठेवायच्या पिशवीसाठी आहे. कोणता फोटो, कोणतं गाणं कुणी बघायचं, हे त्या समाजाच्या रीतीप्रमाणे ठरतं. काही फक्त कुटुंबासाठी, काही फक्त बायकांसाठी, काही सर्वांसाठी.

प्रकल्पाची वाट न बघता घरातली पहिली नोंद तुम्हीच करा. फोनवर आजींचा आवाज घ्या. झाड कुठलं, कोणत्या ऋतूत, कोणता भाग, कसं ओळखायचं, त्यासारखं दिसणारं फसवं झाड कोणतं, आणि कुणाला द्यायचं नाही. हे शेवटचे दोन प्रश्न विसरू नका, त्यांत बहुतेक शहाणपण असतं. झाडाचं शास्त्रीय नाव जाणकाराला पान-फूल दाखवूनच घाला. एकाच नावाची वेगवेगळी झाडं असतात. मात्रा मात्र इतरांना उपाय म्हणून वाटू नका. समोरच्या माणसाचा चेहरा बघून ती ठरवणाऱ्या आजी त्या कागदात नसतील.

आमच्या घरात पाच पिढ्या तंतुवाद्यं घडवतात. माझ्या दोन्ही मुलांना यात रस नाही. बाहेरचा एक मुलगा शिकायला येतो म्हणतोय, त्याला हात आहे. वडील (वय ७८) म्हणतात, घरचं बाहेर जाऊ द्यायचं नाही. मी मध्ये अडकलो आहे.

वडिलांच्या म्हणण्यामागे काय आहे, ते शांतपणे जाणून घ्या. कुणीतरी शिकून गेला आणि नाव सांगितलं नाही, असं पूर्वी घडलं असेल. वाद्यावर आपली खूण राहणार नाही ही भीती असेल. ती भीती कोणती, ते कळल्याशिवाय त्यांची समजूत घालता येणार नाही.

त्यांना माउ पियाइलुगची गोष्ट सांगा. मायक्रोनेशियातल्या सातावाल या चिमुकल्या बेटावरचा हा नाविक तारे, लाटा, पक्षी यांवरून समुद्रात वाट काढायला आजोबांकडून शिकला. ही विद्या घराण्यांतली, जपून ठेवलेली. त्याच्या बेटावरची तरुण मुलं ती शिकेनाशी झाली होती. हवाईत तर ती कधीच लोपली होती. १९७६ मध्ये त्याने होकूलेआ ही जोडहोडी कोणत्याही उपकरणाविना हवाईहून ताहितीला महिनाभरात नेली. नंतर तो हवाईच्या मुलांना शिकवायला तयार झाला. आपल्या लोकांतून टीका झाली, पण थांबला नाही. त्याचा शिष्य नायनोआ थॉम्पसन याने १९८० मध्ये स्वतः तीच वाट काढली. आणि २००७ मध्ये माउने सातावालवर विधिपूर्वक हवाईच्या पाच नाविकांना उस्ताद नाविकाची दीक्षा दिली. २०१० मध्ये तो गेला, तेव्हा त्याची विद्या जिवंत होती आणि शिकलेला प्रत्येक जण आजही त्याचं नाव आधी घेतो.

माउने विद्या वाटेल तशी उधळली नाही, हे वडिलांना आवर्जून सांगा. वर्षानुवर्षं पाहिलं, मग दीक्षा दिली. तुम्हीही अटी घालू शकता. पहिली दोन वर्षं फक्त लाकूड निवडणं आणि वाळवणं. वाद्यावर घराण्याचं नाव. पुढे तोही शिकवणार असेल तर तुम्हाला विचारून. त्या मुलाला आधी वडिलांच्या हाताखाली बसवा, तुमच्या नको. त्याचा हात त्यांनी स्वतः पाहिला की त्यांचं मत कदाचित आपोआप बदलेल. नाही बदललं तर निर्णय तुमचा. माझं मत विचाराल तर शिकवा. ज्याला हात आहे तो दारात उभा आहे आणि वडील अजून आहेत, असा योग फार वर्षं टिकत नाही.

मी सहा महिन्यांपूर्वी नोकरीला लागले. माझ्या वरिष्ठ मॅडम दोन महिन्यांनी निवृत्त होणार आहेत. स्वभावाने चांगल्या आहेत, पण काही विचारलं की ‘अगं, कळेल हळूहळू’ म्हणतात. कसं विचारू?

तू वयाने लहान आहेस, म्हणून ‘तू’ म्हणते. त्या टाळत नसाव्यात. आपल्याला काय येतं हे त्यांनाच ठाऊक नाही, इतकं ते अंगवळणी पडलं आहे. ‘तुम्ही काम कसं करता?’ याला उत्तर देता येत नाही. ‘ही फाइल तुम्ही बाजूला का ठेवलीत?’ याला देता येतं. तेव्हा समोर घडलेल्या एकाच गोष्टीबद्दल विचार, आणि लगेच विचार.

मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या वरिष्ठ बाई नकाशांचा गठ्ठा उघडून पाचेक मिनिटांत सांगायच्या, ‘यातले हे तीन खोटे.’ मी महिनाभर नुसती चकित होत राहिले. एकदा विचारलं, ‘बाई, तुम्ही आधी कुठे बघता?’ त्या क्षणभर थांबल्या. स्वतःलाही पहिल्यांदाच सांगत असल्यासारख्या म्हणाल्या, ‘कोपऱ्यात. तारखेच्या शाईकडे.’ सही सगळे तपासतात. मागाहून घातलेली तारीख वेगळ्या शाईत असायची. तो एक प्रश्न मला पुढची २९ वर्षं पुरला.

मॅडम सर्वांत आधी कशाकडे बघतात, कशाकडे मुद्दाम दुर्लक्ष करतात, अडलं की कुणाला फोन लावतात, हे टिपत जा. फोनची यादी तर मागूनच घे, आणि प्रत्येक नावापुढे ‘कशासाठी’ हे लिही. जमलं तर त्यातल्या दोघा-तिघांशी त्या असतानाच ओळख करून घे. शेवटचं कधी फसलं होतं, तेही विचार. यशाबद्दल माणूस थोडक्यात बोलतो, फसलेल्याबद्दल तपशिलात.

दोन महिने म्हणजे कामाचे चाळीसेक दिवस. रोज संध्याकाळी त्या दिवसातलं एक काम त्यांनी कसं केलं, ते तुझ्या शब्दांत दहा ओळींत लिही. नीटनेटकं नको, चुकलेलं चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा चहा होईपर्यंत ते त्यांना वाचून दाखव. ‘नाही गं, तसं नाही’ असं त्या जिथे म्हणतील, तिथे वाचणं थांबव आणि पेन काढ.